नोहापासून केलहरपर्यंत

"नोहा इथे आहे," असं म्हणून केलहरसाहेबांनी कागदाच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं. "आणि मी इथे." दुसरं बोट ठेवण्यासाठी त्यांना टेबलाला वळसा घालून पलीकडे जावं लागलं.

कागद टेबलाला पुरला नव्हता. खालचं टोक जमिनीपर्यंत लोंबत होतं. पंख्याने उडू नये म्हणून मी त्याच्यावर एक मेणबत्तीदान, शाईची दौत आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींचं एक जाडजूड रजिस्टर ठेवलं होतं.

हे सगळं कामठीला, १९८३च्या मे महिन्यात घडलं. माझे पप्पा, बेंजामिन पंडित, तिथल्या छावणीतल्या जुन्या चर्चचे कारकून होते. तीस वर्षं त्यांनी ती रजिस्टरं सांभाळली. मी इतिहासात एम.ए. करून घरी बसले होते. तीन आठवड्यांनी माझं लग्न होतं, नागपूरच्या धारकरांकडे; तेही ख्रिस्तीच. पप्पांचं इंग्रजी कामापुरतं होतं, म्हणून आयर्लंडहून आलेल्या या पाहुण्याला मदत करायचं काम माझ्याकडे आलं.

डर्मट केलहर सहासष्ट वर्षांचे होते. कॉर्कजवळच्या गावात शाळा-निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उंच, वाकलेले, उन्हाने नाक सोललेलं. त्यांच्या कागदावर एकशे सतरा पिढ्या होत्या. नोहाचा मुलगा याफेथ, त्याचा मुलगा मागोग, तिथून पुढे इजिप्तला गेलेला नियूल, त्याने लग्न केलेली फॅरोची मुलगी स्कोटा, मग स्पेन, मग मिल राजा, त्याचा मुलगा एबर, ज्याने आयर्लंडचा दक्षिण भाग जिंकला. मग राजेच राजे. मग सरदार, मग शेतकरी, आणि शेवटी शाळा-निरीक्षक.

"एवढ्या पिढ्यांत एकच जागा रिकामी आहे," ते म्हणाले. "माझी पणजी."

पणजोबा थॅडियस केलहर सार्जंट म्हणून कामठीला होते. त्यांचं लग्न इथेच झालं. मुलगा सात वर्षांचा झाल्यावर ते त्याला घेऊन मायदेशी परतले, बायको मात्र सोबत नव्हती. तिचं नाव घरात कोणी कधी घेतलं नाही.

"कोणा अधिकाऱ्याची मुलगी असणार," केलहर म्हणाले. "तापाने गेली असेल. जुलैत आमच्या घराण्याचं संमेलन आहे. घराण्याचा प्रमुख निवडायचा आहे आणि माझ्यासमोर एकच चुलतभाऊ उभा आहे. त्याचे कागद पूर्ण आहेत. मला फक्त या लग्नाच्या नोंदीची सहीशिक्क्याची नक्कल हवी."

मला वाटलं, एका दिवसाचं काम आहे.

आणि खरंच नोंद दुसऱ्याच दिवशी सापडली. ११ फेब्रुवारी १८५३. मी मोठ्याने वाचायला लागले, "थॅडियस केलहर, सार्जंट. वधू, ब्रिजेट."

"ब्रिजेट!" ते टाळी वाजवून उठलेच. "आमच्याकडचंच नाव! मी म्हटलं नव्हतं?"

"पुढे अजून आहे," मी म्हणाले. "ब्रिजेट, नेटिव्ह ख्रिस्ती. पूर्वीचं नाव रखमा. बापाचं नाव कोंडू, राहणार मौदा."

मौदा कामठीपासून जवळच आहे. मी सहज म्हणून गेले, "एसटी जाते. पाहायचं असेल तर उद्या जाऊ."

नोंदीखाली थॅडियसची वळणदार सही होती. शेजारी एक फुली होती, शाई दाबून दाबून मारलेली. त्यांनी चष्मा काढून ती फुली जवळून पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

"हा दुसरा थॅडियस केलहर आहे," ते म्हणाले.

झालं. पुढचे चार दिवस आम्ही दुसरा थॅडियस केलहर शोधत होतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री. दुपारी बाराला वीज जायची ती तीनला यायची. वाळवी लागलेल्या रजिस्टरांतली धूळ घामावर बसायची आणि हातांना आग सुटायची. १८४५पासून १८६५पर्यंतचं प्रत्येक लग्न मी वाचून दाखवलं. थॅडियस एकच, रेजिमेंट तीच, मुलाच्या बाप्तिस्म्याची तारीख त्यांच्या घरच्या कागदाशी तंतोतंत जुळणारी, आणि आईच्या रकान्यात पुन्हा ब्रिजेट, नेटिव्ह ख्रिस्ती.

"लिहिणाऱ्याची चूक असेल," केलहर म्हणायचे.

"दोन वेळा?"

"आधीची चूक पाहून त्याने पुढची केली."

"दोन नोंदींचं अक्षर वेगळं आहे, साहेब."

"मिस पंडित, मी चाळीस वर्षं शाळा तपासल्यात. कारकून कशा चुका करतात ते मला शिकवू नका."

तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. मी कागदावर स्कोटाच्या नावावर बोट ठेवलं. "ही कोण? इजिप्तची. म्हणजे तुमच्याकडची नव्हेच. हिचा एक तरी कागद आहे तुमच्याजवळ? एक फुली तरी? हिला तुम्ही डोळे मिटून पणजी मानता. आणि रखमाचं नाव, बापाचं नाव, गाव, तारीख सगळं समोर असून ती तुम्हाला चालत नाही?"

त्यांनी शांतपणे माझं बोट कागदावरून बाजूला केलं.

"ती राजकन्या होती," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी पप्पांनी त्यांना आमच्या घरी चहाला बोलावलं होतं. पुढच्या खोलीत माझ्या पणजोबांचा, पीटर पंडितांचा, फोटो होता: कोट, उपरणं, हातात पुस्तक. केलहरांनी विचारलं आणि पप्पांनी नेहमीची गोष्ट सुरू केली. आमचे पणजोबा काशीला वेद शिकलेले ब्राह्मण. तीन दिवस एका पाद्र्याशी संस्कृतातून वाद घातला, चौथ्या दिवशी हरले आणि प्रभूला शरण गेले. म्हणून आम्ही पंडित. मी लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट इंग्रजीत करून सांगत होते. केलहर पुढे वाकून ऐकत होते, खिशातल्या वहीत टिपून घेत होते.

"पाहा," ते निघताना मला म्हणाले. "तुम्हालाही घराणं आहे. तुम्हाला माझी अडचण समजायला हवी."

चौथ्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला रखमाचा मृत्यू दाखवायचा. ती कधी, कशाने गेली हे कळल्यावर तरी त्याला ती माणूस वाटेल. एतद्देशीयांच्या नोंदींचं रजिस्टर वेगळं होतं. मागच्या बाजूने दफनं, पुढच्या बाजूने बाप्तिस्मे. पप्पा ते कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवायचे. दफनांत रखमा नव्हती. केलहर जेवायला विश्रामगृहावर गेले होते. मी पुढची बाजू चाळू लागले. ८८ आणि ८९ ही दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. दमटपणाने चिकटतात तशी नव्हे. तिन्ही कडांना बारीक, सरळ गोंदाची रेघ होती.

कोणीतरी रखमालाच त्यात पुरलंय, असं मला वाटलं. ओल्या फडक्याने मी कडा भिजवल्या आणि पट्टीच्या टोकाने पानं सोडवली. अर्धा तास लागला.

आत १८७१ साल होतं. चौदा बाप्तिस्मे. रखमा त्यातही नव्हती. नवव्या ओळीत होतं: सीताराम, वय बावीस, जात महार, धंदा छावणीच्या पागेत मोतद्दार, नवीन नाव पीटर. समासात दुसऱ्या शाईने लिहिलेलं होतं की १८७९पासून मिशनच्या शाळेत शिकवतो, मुलं त्याला पंडित म्हणतात.

मी रजिस्टर पिशवीत घातलं आणि भर दुपारी घरी गेले.

पप्पा जेवत होते. मी पान उघडून ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी वाचलं नाही. आकडा पाहूनच त्यांना कळलं.

"काहून उघडली तू ती पानं?"

"गोंद कोणी लावला?"

"मी. तू सातवीत होती तेव्हा." त्यांनी भात कालवला, घास मात्र घेतला नाही. "तुझ्या मार्था आत्याचं लग्न दोनदा मोडलं. पहिल्यांदा वाटलं, नशीब. दुसऱ्या वेळी मुलाचा मामा चर्चमध्ये आला, म्हणाला रजिस्टर पाहू द्या. मीच काढून दिलं. मीच, सरोज. मला तरी कुठं माहीत होतं? मामाच्या खांद्यावरून मी वाचलं. त्यानं रजिस्टर मिटलं आणि चहा न घेता गेला."

मार्था आत्या माझ्या आठवणीत कायम घरातच होती. लोणची घालायची, आमच्या वेण्या घालायची, आणि पाहुणे आले की मागच्या दारी जाऊन बसायची. ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली.

"मग काशीची गोष्ट?"

"ती बाबांच्या वेळेपासून चालत आली. मी फक्त बंद केली नाही."

"पप्पा, तो मोतद्दार होता. घोड्यांची लीद काढता काढता लिहायला-वाचायला शिकला आणि आठ वर्षांत शाळेत शिकवायला लागला. काशीपेक्षा हे मोठं नाही?"

"तुला आहे. मलाही असेल." ते उठले, हात धुतले. "धारकरांना आहे का, ते तीन आठवड्यांनी विचारून पाहा. पत्रिका वाटून झाल्या आहेत, पोरी."

त्या आठवड्यात आमच्या मागच्या वस्तीत बुद्धजयंतीचे निळे झेंडे लागले होते. तिथली माझ्या वयाची मुलं छाती पुढे काढून घोषणा देत जात होती. पप्पांनी तिकडची खिडकी लावून घेतली. उकाड्यात आम्ही दोघं बंद खिडकीच्या आत बसून राहिलो. मला त्यांचा राग आला होता, आणि मार्था आत्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

पाचव्या दिवशी केलहर वेगळ्याच नरमाईने आले.

"मी रात्रभर विचार केला," ते म्हणाले. "ही तीच नोंद आहे. मान्य. मी तुम्हाला खोटं लिहायला सांगत नाही. फक्त थोडं कमी लिहा. ब्रिजेट एवढंच. त्यापुढचं नक्कलेत आलंच पाहिजे असं कुठे आहे?"

पप्पा शेजारीच उभे होते. "लिहून दे ना," ते मराठीत म्हणाले. "आपलं काय जातं? म्हातारा माणूस आहे. इतक्या दुरून आलाय."

"नोंद जशी आहे तशी लिहीन," मी म्हणाले. "नाहीतर लिहिणार नाही."

"बाई, मी विनंती करतोय," केलहर म्हणाले. "माझा चुलतभाऊ हे भरसभेत वाचून दाखवील. लोक हसतील. माझे वडील हे कधी बोलले नाहीत, त्यांचे वडील बोलले नाहीत. मी का बोलायचं?"

मी नक्कल लिहिली. माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. ब्रिजेट, नेटिव्ह ख्रिस्ती, पूर्वीचं नाव रखमा, बाप कोंडू, राहणार मौदा. वधूची खूण, फुली. चर्चच्या फादरना डोळ्यांनी कमी दिसायचं. आम्ही पुढे ठेवू त्यावर ते सही करायचे. तरी मी त्यांना संपूर्ण वाचून दाखवलं. त्यांनी सही केली, शिक्का मारला.

केलहरांनी कागदाची चार वेळा घडी घातली, इतकी लहान की ती मुठीत मावली. मोठा कागद नळीत गुंडाळून घेतला.

"तुम्ही इतिहास शिकलात," दारातून ते म्हणाले. "पण घराणं म्हणजे काय ते तुम्हाला कळलेलं नाही."

त्यांची सायकल-रिक्षा गेली. पप्पा ऑफिसला कुलूप लावायला थांबले होते. मी म्हणाले, तुम्ही जा, मी आवरून येते.

ते गेल्यावर मी खालच्या फळीवरचं रजिस्टर काढलं. पप्पांच्या खणात गोंदाची बाटली होती. ८८ आणि ८९ या पानांच्या तिन्ही कडांना मी बारीक रेघ ओढली, पानं जुळवली, वर दोन जड रजिस्टरं ठेवली आणि वाळेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. माझा हात पप्पांपेक्षा सफाईदार होता. रेघ कुठे दिसतही नव्हती.

तीन आठवड्यांनी माझं लग्न झालं.

धारकरांचं घर चांगलं होतं. नवरा, प्रसन्न, बँकेत. सासरे मनोहरराव निवृत्त मुख्याध्यापक, मितभाषी, सकाळी दोन वर्तमानपत्रं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. त्यांचे पणजोबा खरोखर वैद्यकी करणारे ब्राह्मण होते, पण त्याचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही. गाजावाजा करायचे माझे पप्पा. दर महिन्याला कामठीहून यायचे, खुर्चीच्या टोकावर बसायचे, आणि कोणी विचारलं नसताना काशीची गोष्ट सुरू करायचे. तीन दिवसांचे पुढे पुढे पाच दिवस झाले. पाद्र्याचे दोन पाद्री झाले. सासरे मान हलवत ऐकायचे. मी चहाच्या निमित्ताने आत जायची आणि ओट्याला धरून उभी राहायची, गोष्ट संपेपर्यंत.

सातव्या वर्षी पप्पा गेले. शेवटपर्यंत त्यांनी माझ्याशी त्या पानांबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मीही नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी एक पार्सल आलं. चर्चच्या नव्या कारकुनाने पत्ता शोधून नागपूरला पाठवलेलं. आत कापडी बांधणीचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक होतं. केलहर घराण्याचा इतिहास, लेखक डर्मट केलहर, घराण्याचे प्रमुख. म्हणजे ते जिंकले होते. मी उभ्या उभ्याच पानं उलटली. नोहा होता, मागोग होता, स्कोटा होती. १८५३साली थॅडियसचं लग्न कामठीला झालं होतं, ब्रिजेट नावाच्या मुलीशी, जी गोव्याच्या एका पोर्तुगीज व्यापाऱ्याची कन्या होती.

मी पुस्तक टेबलावर टाकलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

पाच मिनिटांनी सासऱ्यांनी हाक मारली. "सरोज, अगं, तुझं नाव छापलंय यात!"

ते ओसरीत वर्तमानपत्रं बाजूला ठेवून पुस्तक चाळत होते. आभाराच्या पानावर बोट ठेवून त्यांनी वाचून दाखवलं. या विवाहाची मूळ नोंद तपासून तिला दुजोरा देणाऱ्या विदुषी मिस सरोज पंडित यांचा लेखक ऋणी आहे. त्या स्वतः काशीच्या एका प्राचीन ब्राह्मण घराण्यातल्या असून वंशाचं मोल जाणतात.

"वा," सासरे म्हणाले. "आयर्लंडपर्यंत पोचलं की."

"बाबा, हे खोटं आहे."

"कोणतं?"

"सगळंच. त्यांची पणजी मौद्याची होती, रखमा. मी लिहून दिलं होतं. आणि आम्ही काशीचे नव्हे. माझे पणजोबा महार होते. पागेत मोतद्दार होते. चर्चच्या रजिस्टरात आहे. मला लग्नाआधीच कळलं होतं आणि मी सांगितलं नाही."

नऊ वर्षं मी या क्षणाची भीती बाळगली होती. ते काय म्हणतील याची निरनिराळी वाक्यं मी मनात तयार करून ठेवली होती, आणि प्रत्येकाला माझं उत्तर.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"काय?"

"पागेचं. लग्न ठरवताना मी चौकशी केली होती. कामठीत निम्म्या लोकांना माहीत आहे, सरोज. ते काही गुपित नव्हतं. प्रसन्नलाही सांगितलं मी तेव्हा. तो म्हणाला, मला मुलगी आवडली आहे. मग आम्ही ठरवलं, हा विषय घरात काढायचा नाही."

"तुम्हाला ठाऊक आहे हे पप्पांना माहीत होतं?"

"नाही. कशाला? त्यांना वाईट वाटलं असतं. त्यांचा मान राहिला, तुझाही राहिला. आम्ही कधी तुला कमी लेखलं का?"

नव्हतं लेखलं. खरंच नव्हतं. त्यांचा चेहरा प्रेमळ होता. आपण केवढा समजूतदारपणा दाखवला, याचं थोडं समाधानही त्यावर होतं.

"बाबा," मी म्हणाले, "सात वर्षं पप्पा दर महिन्याला या खुर्चीत बसून ती गोष्ट सांगत होते. घाम फुटायचा त्यांना सांगताना. तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही मान हलवत ऐकत होतात?"

"मग काय करायला हवं होतं? थांबवायचं? म्हाताऱ्या माणसाला तोंडावर सांगायचं?"

तयार ठेवलेल्या वाक्यांतलं एकही तिथे बसत नव्हतं. रागावावं तर कोणावर? त्यांनी काहीच वाईट केलं नव्हतं. त्यांनी आम्हाला माफ केलं होतं, एवढंच. न विचारता, न सांगता, आणि माफ करण्यासारखं काही नसताना.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि वर्तमानपत्राकडे हात नेला. "जाऊ दे आता. झालं गेलं. प्रसन्न येईल, त्याच्यासमोर उगाच विषय काढू नकोस. चहा टाकतेस?"

मी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि त्यांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, बसले. त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र घेऊन खाली ठेवलं. नऊ वर्षांत मी त्यांच्या हातातून काही काढून घेतलं नव्हतं.

"चहा नंतर," मी म्हणाले. "त्यांचं नाव सीताराम होतं. वय बावीस. प्रसन्न येऊ दे, मी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगेन. आधी तुम्ही ऐका."